उकिडवं बसणारी हाडं

श्रावणात मानवत तालुक्याच्या काळ्या रानात कपाशी गुडघ्याला लागते आणि तिच्याबरोबर तणही माजतं. मग खुरपणी लागते. बायका सकाळीच पाती धरतात आणि उकिडव्या बसतात. उजव्या हातात खुरपं, डावा हात तण उपटायला मोकळा. टाचा जमिनीला टेकलेल्या, पोट मांड्यांना भिडलेलं. पात संपेपर्यंत सहसा कुणी उठत नाही; एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत तसंच पुढं सरकायचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू झाली की हीच शरीरं वेगळ्या तऱ्हेनं वाकतात. पाय सरळ, धड कंबरेतून पुढं झुकलेलं, आणि कंबरेला बांधलेली ओटी कापसानं जड होत जाणारी. तिकडं मोंढ्यात सोयाबीन-तुरीची पोती हमालांच्या पाठीवर चढत असतात.

खुरपणी, वेचणी आणि हमाली ही कामं वेगळी, पण तिन्हींचा भार शेवटी शरीराच्या एकाच भागावर येतो: कंबरेच्या कड्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. त्यांपैकी एकेका बाजूला कंबरेचं एक, मांडीचं एक, गुडघ्याची वाटी, गुडघ्याखालची दोन आणि पावलातली २६ अशी ३१ येतात. दोन्ही बाजूंची मिळून ६२. नुसत्या दोन पावलांतच ५२ हाडं आहेत, म्हणजे एकूण हाडांचा चौथा हिस्सा.

या सगळ्या रचनेत दोन पदार्थ शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. एक हाड, दुसरी हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. हाड जिवंत असतं, भार सोसत सोसत स्वतःला घडवतं आणि मोडलं तरी भरून येतं. कूर्चा एकदा झिजली की जवळजवळ परत येत नाही. खुरपणाऱ्या बाईचे गुडघे पन्नाशीतच का कुरकुरायला लागतात, आणि त्याच बाईची मांडीची हाडं का भक्कम असू शकतात, याचं उत्तर या फरकात आहे.

कंबरेचं कडं

शास्त्रात ज्याला श्रोणी म्हणतात ते कडं दोन्ही बाजूंची कंबरेची हाडं आणि मागं त्यांच्यामध्ये बसलेली त्रिकास्थी यांचं बनतं. त्रिकास्थी म्हणजे पाठीच्या कण्याचे पाच मणके एकत्र जुळून झालेलं हाड. तिच्या खाली माकडहाड. कंबरेचं प्रत्येक हाड लहानपणी तीन तुकड्यांचं असतं: वरची पसरट नितंबास्थी, बसताना जिच्यावर भार येतो ती आसनास्थी आणि पुढची जघनास्थी. हे तिन्ही तुकडे खुब्याच्या खोबणीत येऊन मिळतात. तिथं त्यांना जोडणारी कूर्चा साधारण १४ ते १७ वर्षांच्या दरम्यान हाडात बदलते आणि मग तिघांचं एक हाड होतं.

कंबरेवर हात ठेवला की बोटांना जी धार लागते ती नितंबास्थीचा वरचा काठ. पाण्याची घागर इथंच टेकते आणि कडेवरचं मूलही इथंच बसतं. कडेवर घेण्याची आपली पद्धत बाळाच्या हाडांसाठी फार हिताची आहे. कडेवरच्या बाळाच्या मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वाकलेले असतात. त्या स्थितीत मांडीच्या हाडाचं गोल डोकं खोबणीत नीट रुततं आणि वाढत्या वयात खोबण त्याच्याभोवती खोल आणि गोल घडते. ज्या समाजांत तान्ह्या मुलांना पाय सरळ ठेवून घट्ट आवळून बांधतात, तिथं खुबा निखळलेला राहण्याचं प्रमाण जास्त आढळतं. मुलं कडेवर किंवा पाठीवर पाय फाकून वागवणाऱ्या समाजांत ते कमी आढळतं. म्हणून बाळाला दुपट्यात गुंडाळताना छातीशी गुंडाळावं, कंबरेखाली मात्र पाय हलतील इतकी सैल जागा ठेवावी.

बाईचं आणि पुरुषाचं कडं सारखं नसतं. बाईच्या जघनास्थींमधला खालचा कोन रुंद असतो आणि आतली वाट ऐसपैस असते, कारण बाळाचं डोकं तिथून बाहेर पडायचं असतं. उत्खननात सापडलेला सांगाडा बाईचा की पुरुषाचा हे ठरवताना अभ्यासक सगळ्यांत आधी कंबरेची हाडं पाहतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळं या कड्याची हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंध सैलावतात आणि पुढचा जोड काही मिलिमीटर उघडतो. बाळंतपणानंतर ते पूर्ववत घट्ट व्हायला काही महिने लागतात. ओली बाळंतीण महिन्या-दीड महिन्यात रानात जाते, भारे उचलते, तेव्हा ती हे ओझं अजून सैल असलेल्या कड्यावर घेत असते.

खुबा: भाराचा पहिला मुक्काम

सुश्रुतसंहितेत शरीरातल्या सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. खुब्याला तिथं उलूखल म्हणजे उखळाच्या प्रकारात घातलं आहे. सुश्रुतानं हाडं ३०० मोजली, कारण त्याच्या गणनेत दातही होते आणि कूर्चाही. आजचा आकडा वेगळा असला तरी खुब्याचं वर्णन अजूनही चपखल आहे. खोल खोबणीत गोल डोकं फिरतं, म्हणून पाय पुढं, मागं, बाजूला आणि गोल असा सगळीकडं वळतो.

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यांत लांब हाड, माणसाच्या उंचीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकं. त्याचं डोकं एका तिरक्या मानेवर बसलेलं असतं आणि प्रौढपणी ही मान हाडाच्या दांड्याशी सुमारे १२५ ते १३० अंशांचा कोन करते. या तिरकेपणामुळं नितंबाच्या बाजूच्या स्नायूंना कंबर तोलून धरायला जागा मिळते, पण त्याची किंमतही द्यावी लागते. चालताना प्रत्येक पावलागणिक आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून हे स्नायू जोरानं आवळतात, आणि त्यांची ओढ शरीराच्या वजनात मिळून खुब्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या हमालाच्या पाठीवर पन्नास किलोचं पोतं असेल तर ढोबळ हिशेबानं एका पावलाला त्याच्या एका खुब्यावर तीनशे किलोच्या आसपास दाब पडतो. मोंढ्यात दिवसभर असं हजारो वेळा घडतं.

हाड हे कसं सोसतं? १८६६ मध्ये झुरिकला हेर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञानं मांडीच्या हाडाचा उभा छेद मांडून दाखवला. मानेच्या आत हाडाची बारीक जाळी होती आणि जाळीच्या पट्ट्या ठरावीक वळणांनी गेलेल्या होत्या. तिथं हजर असलेले अभियंते कार्ल कुलमान यांना या वळणांत क्रेनच्या वाकड्या हातावर येणाऱ्या दाबाच्या आणि ताणाच्या रेषा दिसल्या. पुढं १८९२ मध्ये ज्युलियस वोल्फ यांनी यावरून नियम मांडला: हाडावर जसा भार येतो तसं हाड आतून आणि बाहेरून स्वतःला घडवत जातं. वोल्फ यांच्या गणिताच्या बारकाव्यांवर नंतर बरेच आक्षेप आले, पण गाभा टिकला. भार असेल तिथं हाड दाट होतं, भार नसेल तिथं विरळ. महिनाभर खाटेवर पडलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतात ती यामुळं.

म्हातारपणी हीच मान दगा देते. स्त्रियांची पाळी थांबल्यावर हाडं वेगानं विरळ होतात आणि न्हाणीत पाय घसरल्याचं निमित्त होतं. मानेत हाड मोडलं की डोक्याकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुटू शकतात, म्हणून हे हाड इतर हाडांसारखं सहज जुळत नाही. पडल्यावर म्हाताऱ्या माणसाला उभं राहता येत नसेल आणि पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल तर चोळत बसू नये. शक्य तितक्या लवकर एक्स-रे आणि शस्त्रक्रिया करणं हेच प्राण वाचवतं, कारण अशा माणसाला फ्रॅक्चरपेक्षा अंथरुणाला खिळणंच जास्त घातक ठरतं.

गुडघा: सरळ उभा, पूर्ण वाकलेला

मांडीची हाडं खुब्यापाशी एकमेकांपासून लांब असतात आणि गुडघ्याकडं तिरकी आत येतात. त्यामुळं पाऊल शरीराच्या मधल्या रेषेजवळ पडतं आणि माणूस न डुलता चालतो. हा तिरकेपणा जन्मतः नसतो. बाळ जन्मतं तेव्हा पाय फेंगडे असतात, आणि आज्या तेल लावताना ते सरळ करायला बघतात. दीड-दोन वर्षांत पाय आपोआप सरळ होतात, तीन-चार वर्षांत गुडघे उलट एकमेकांकडं झुकतात आणि सात वर्षांच्या आसपास मोठ्या माणसांसारखे होतात. यात कुणाच्या मालिशीचा हात नसतो. उभं राहणं आणि चालणं हे काम करतं. जी मुलं आजारामुळं कधीच चालू शकली नाहीत, त्यांच्या मांडीच्या हाडात हा तिरकेपणा येत नाही. मात्र दोन-तीन वर्षांनंतरही पाय फेंगडे राहिले, किंवा एकच पाय वाकडा दिसला, तर मुडदूस किंवा दुसरा आजार नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

गुडघ्यात मांडीचं हाड नडगीच्या सपाट माथ्यावर टेकतं. खुब्यासारखी खोबण इथं नाही. म्हणून गुडघ्याचं स्थैर्य अस्थिबंधांवर, दोन अर्धचंद्राकृती कूर्चांवर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर अवलंबून असतं. वाटी त्या स्नायूच्या दोरात बसलेली असते. जन्मताना ती नुसती कूर्चा असते, तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड तयार होऊ लागतं. ती दोराला हाडापासून पुढं उचलून धरते, त्यामुळं स्नायूला गुडघा सरळ करायला कमी जोर लागतो.

सपाट रस्त्यावर चालताना वाटीवरचा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतो. जिना चढताना तो तिपटीच्या वर जातो. पूर्ण वाकून बसता-उठताना काही मोजमापांत तो सातपटीपर्यंत गेलेला आढळला आहे. खुर्चीवर बसायला गुडघा ९० अंश वाकला की पुरतो; उकिडवं बसायला दीडशेहून जास्त अंश वाकवावा लागतो. पूर्ण खाली बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि थोडा भार उतरतो. खुरपणीत हा आराम पूर्ण मिळत नाही, कारण बाई सारखी पुढं सरकत असते आणि तण ओढताना अर्धवट उठत असते.

घोटा आणि पाऊल

गुडघ्याखालची दोन्ही हाडं खाली येऊन घोट्याचं एक हाड दोन्ही बाजूंनी पकडून धरतात. घोट्याच्या या हाडाला एकही स्नायू जोडलेला नाही. ते पुढं रुंद आणि मागं अरुंद असतं. त्यामुळं पाऊल वर वळलं की रुंद भाग पकडीत घट्ट अडकतो. उकिडवं बसलं की असंच होतं: नडगी पुढं झुकते आणि तिची खालची कड घोट्याच्या हाडाच्या मानेला टेकते. वर्षानुवर्षं हे घडत राहिलं की दोन्ही हाडांवर एक लहानशी गुळगुळीत खूण उमटते.

लाहोरला शरीररचनाशास्त्र शिकवणारे हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि उकिडवं बसण्याच्या या खुणांचं तपशीलवार वर्णन केलं. युरोपातल्या जुन्या सांगाड्यांतही अशा खुणा सर्रास सापडतात आणि अलीकडच्या शतकांकडं येताना कमी होत जातात. बैठक बदलली तशी हाडंही बदलली. गर्भातही कधी या खुणा दिसतात, कारण पोटात बाळ पाय दुमडूनच असतं. पण मोठेपणी त्या टिकतात की पुसल्या जातात हे बसण्याची सवय ठरवते.

घोटा म्हणजे चालण्याचं बळ, हे महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांनाही ठाऊक होतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथं ताम्रपाषाणयुगीन वस्ती होती. तिथं मोठी माणसं पुरताना त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली आढळली. मेलेलं माणूस चालत परत येऊ नये म्हणून असं करत असावेत, असं उत्खनन करणाऱ्यांचं अनुमान आहे. एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात पाय मुडपून बसवलेला एक पुरुष सापडला आणि त्याची पावलं शाबूत होती. तो बहुधा गावातला मानाचा माणूस असावा.

घोट्याच्या खाली टाचेचं हाड, आणि पुढं लहान-मोठ्या हाडांची कमान. कमान चालताना दबते आणि परत उठते, त्यामुळं जमिनीचा दणका वर पोचेपर्यंत सौम्य होतो. लहान मुलांचे तळवे सपाट दिसतात. कमान सहा वर्षांपर्यंत हळूहळू घडते. १९९२ मध्ये मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० भारतीय मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. चपला-बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के, आणि बंद बूट घालणाऱ्यांत ते सगळ्यांत जास्त होतं. अनवाणी खेळण्यानं पावलातले छोटे स्नायू राबतात आणि कमान घडते. काच, काटे आणि साप यांची भीती आहेच. म्हणून पोरांनी रानात पायताण घालावं, पण अंगणात आणि घरात पाय मोकळे ठेवावेत.

जे भरून येतं आणि जे येत नाही

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि हा द्रव तिच्यात शिरतो तो दाबणं-सोडणं या क्रियेतून. म्हणून हालचाल तिला हवी असते. पण तासन्‌तास एकाच स्थितीत दाबून ठेवलं तर आत-बाहेर होणारी ही ये-जा मंदावते, आणि कूर्चेच्या पेशी इतक्या थोड्या असतात की झीज भरून काढणं त्यांना जमत नाही. म्हातारीचा गुडघा दुखायला लागला की ‘वंगण संपलं’ असं सगळे म्हणतात. खरं तर झिजलेली असते ती कूर्चा. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, तिच्या जागी दोन हाडांमध्ये काळी फट दिसते. कूर्चा संपत गेली की ही फट मिटते. शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त येतो, म्हणून फट तिथं आधी मिटते आणि पाय हळूहळू फेंगडे होत जातात.

उकिडव्या बैठकीचा यात किती वाटा आहे? बीजिंगमध्ये वृद्धांची पाहणी करून त्यांची तुलना अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या रहिवाशांशी केली गेली. बीजिंगच्या वृद्ध स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकन स्त्रियांपेक्षा जास्त होती; खुब्याची झीज मात्र फारच कमी. तरुणपणी ज्यांनी दिवसाचे अनेक तास उकिडवं बसून काढले त्यांच्या गुडघ्यात झीज जास्त दिसली. म्हणजे शौचाला, चुलीपुढं, देवापुढं थोडा वेळ उकिडवं बसणं चांगलंच आहे. त्यानं खुबा, गुडघा आणि घोटा पूर्ण वाकते राहतात. त्रास होतो तो तासांनी मोजाव्या लागणाऱ्या बैठकीनं, आणि वर्षानुवर्षं.

पायांना सोडवायचं कसं

भारतीय पायांना जमीन हवी, हे ओळखून आपल्याकडं काम झालं आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी जयपूर फूट तयार केला. तेव्हाचे परदेशी कृत्रिम पाय घोट्यात वाकत नसत आणि त्यांना बूट लागत. जयपूर फूट लावून माणूस उकिडवं बसतो, मांडी घालतो, चिखलात अनवाणी चालतो. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय गुडघ्याची ठेवण आणि वाकण्याची गरज लक्षात घेऊन ‘इंडस’ हा देशी कृत्रिम गुडघा घडवला.

पण कूर्चा झिजू न देणं गुडघा बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम चालतं. उभ्यानं चालवायचं लांब दांड्याचं हातकोळपं दोन ओळींमधलं तण काढतं. झाडाच्या बुडाशी खुरपं लागतंच, पण बसण्याचे तास निम्म्यावर येऊ शकतात. घरात भाकरी थापायला, धुणं धुवायला वीतभर उंच पाट घेतला तर गुडघा तेवढा कमी वाकतो. रोज खाटेच्या काठावर बसून एकेक पाय सरळ करायचा आणि दहापर्यंत मोजेपर्यंत धरायचा; यानं मांडीचा स्नायू बळकट होतो आणि सांध्यावरचा ताण हलका होतो. जाड माणसानं एक किलो वजन उतरवलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

आणखी एक गोष्ट शेतमालकाच्या हातात आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून वेचणारी बाई कंबर मोडली तरी थांबत नाही; थांबली की तिचा पैसा बुडतो. खुरपणीला मजुरी रोजावर असते, तिथं थांबलं तरी तिचा पैसा बुडत नाही. दर तासाला पाच मिनिटं सगळ्यांनी उभं राहून पाय मोकळे करायचे, पाती लहान धरायच्या, सकाळी बसून केलेलं काम असेल तर दुपारी उभ्याचं द्यायचं. वेचणीत किलोच्या दरातच या विश्रांतीची मजुरी धरायची. एवढं केलं तरी कूर्चेला दाबणं-सोडणं मिळतं आणि साठीतल्या बाईला स्वतःच्या पायांनी ओसरीची पायरी उतरता येते.